सोनेरी तास कुणाचा? युद्धातल्या जखमींवरचे तीन पेपर, पिंप्राळ्यातून वाचताना

मागच्या पोस्टमध्ये १०८ रुग्णवाहिकेच्या वेळा कशा मोजतात ते लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: "हा गोल्डन अवर आला कुठून? साठच मिनिटं का? पन्नास का नाही, नव्वद का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पिंप्राळ्यातल्या माणसाला तर तो पडायलाच हवा. उड्डाणपूल व्हायच्या आधी इथल्या रेल्वे फाटकावर आपण सगळे किती वेळ उभे राहिलोय ते आठवा. एक मालगाडी गेली की दुसरीची शिट्टी. मागे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतोय आणि पुढे कुणीच काही करू शकत नाही. त्या वेळी आतल्या पेशंटचा तास सोनेरी होता की नव्हता, ते फाटक ठरवत होतं, डॉक्टर नव्हे.

उत्तर शोधताना मी माझ्या विषयाच्या जरा बाहेर, म्हणजे युद्धवैद्यकात शिरले. कारण अपघातातल्या जखमींबद्दल आपण जे काही मानतो, त्यातलं बरंचसं रणांगणातून आलंय. सध्या तिथे एक मोठा वाद चालू आहे: पुढच्या युद्धासाठी लष्करी वैद्यकाने कशाची तयारी करायची? या वादात वारंवार दिले जाणारे तीन पेपर आज सोप्या भाषेत सांगते. मग मला त्यात काय खटकलं तेही.

पेपर काय म्हणतात

आधी नावाबद्दल. 'गोल्डन अवर' हा शब्द रुळवला तो बाल्टिमोरचे सर्जन आर. अॅडम्स काउली यांनी. २००१ मध्ये लर्नर आणि मॉस्काटी या दोघांनी या साठ मिनिटांचा मूळ पुरावा शोधायला घेतला, तर हाती ठोस काही लागलं नाही. म्हणजे आकडा आधी आला आणि अभ्यास नंतर झाले. हे लक्षात ठेवा.

पहिला पेपर ईस्टरिज आणि सहकाऱ्यांचा, २०१२ चा. २००१ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानात मेलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातले ८७.३ टक्के इस्पितळाच्या दारात पोहोचण्याआधीच गेले होते. या आधीच गेलेल्यांपैकी ९७६ जण, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, 'कदाचित वाचू शकले असते' असं तज्ज्ञांनी ठरवलं. आणि या ९७६ मधल्या ९०.९ टक्के लोकांचा जीव गेला तो रक्तस्रावाने. श्वास अडकणं वगैरे सगळं उरलेल्या नऊ टक्क्यांत.

दुसरा पेपर कोटवाल आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा. २००९ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हुकूम काढला की अफगाणिस्तानातला गंभीर जखमी साठ मिनिटांच्या आत इस्पितळात पोहोचलाच पाहिजे. हेलिकॉप्टरं वाढवली, फिरती शस्त्रक्रिया पथकं पुढे नेली. पोहोचवण्याचा मध्यक वेळ ९० मिनिटांवरून ४३ वर आला. जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण १३.७ टक्क्यांवरून ७.६ वर आलं. थोडंथोडकं नाही, जवळपास निम्मं.

तिसरा पेपर हॉवर्ड आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. त्यांनी दोन्ही युद्धांतल्या ५६,७६३ जखमींची माहिती घेतली आणि विचारलं की मृत्यू कमी झाले त्याचं श्रेय कशाकशाला? टूर्निकेट (हातापायाचं रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा), रक्त चढवणं आणि साठ मिनिटांत पोहोचवणं, या तिघांशी मिळून ४४.२ टक्के घट जोडता आली.

हे तिन्ही पेपर मेहनतीचे आहेत. मेलेल्या प्रत्येक माणसाची फाइल उघडून 'आपण कुठे कमी पडलो' हे विचारायला धाडस लागतं, आणि ते छापायला त्याहून जास्त. माझी टीका त्यांच्या प्रामाणिकपणावर नाही. या पेपरांमधून पुढच्या युद्धासाठी जे निष्कर्ष काढले जातात, त्यांच्यावर आहे.

मला काय खटकलं

पहिली गोष्ट. कोटवालांचा अभ्यास 'आधी आणि नंतर' असा आहे. हुकमाच्या आधीचे जखमी एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या. पण या दोन काळांत वेळ एवढीच गोष्ट बदलली नव्हती. टूर्निकेट प्रत्येकाच्या खिशात आलं होतं, रक्त देण्याच्या पद्धती सुधारल्या होत्या, युद्धाचं आठवं-नववं वर्ष असल्यामुळे डॉक्टरांचे हातही बसले होते. लेखकांना हे ठाऊक आहे, ते तसं लिहितातही. पण पेपर एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातो तेव्हा त्यातला 'पण' गळतो आणि 'साठ मिनिटं' तेवढी उरतात. हॉवर्डांचा आकडा उलटा वाचून बघा: वेळ, रक्त आणि पट्टा तिन्ही मिळून निम्म्याहून कमी. बाकीचं श्रेय अजून कुणाच्या नावावर लागलेलं नाही.

शिवाय साठाव्या मिनिटाला काही कडा नसतो. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली असेल तर दहा मिनिटंही जास्त होतात. नडगी मोडली असेल आणि रक्त थांबलं असेल तर सहा तास चालतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि संशोधन शिकणाऱ्या प्रत्येकाने ती मनात ठेवावी. जी गोष्ट सगळ्या नोंदींत सारखीच असते, ती आकडेवारीत दिसत नाही. समजा जळगावातल्या सगळ्या मुलांना मे महिन्यातच परीक्षेला बसवलं, तर उन्हाचा मार्कांवर काय परिणाम होतो हे त्या मार्कांवरून कधीच कळणार नाही. कारण ऊन सगळ्यांनाच होतं. तसंच अफगाणिस्तानात आकाश अमेरिकेचं होतं. समोरच्याकडे विमानं नव्हती. म्हणून हेलिकॉप्टर ४३ मिनिटांत जाऊन येऊ शकत होतं. डेटाच्या तक्त्यात 'आकाश कुणाचं' असा रकानाच नाही, कारण त्यात भरायला एकच उत्तर होतं. पण सगळा सोनेरी तास त्या न दिसणाऱ्या रकान्यावर उभा आहे.

युक्रेनमध्ये हा रकाना बदलला आणि हिशेबच बदलला. ड्रोनमुळे आघाडीच्या मागचा कित्येक किलोमीटरचा पट्टा उघडा पडला. हेलिकॉप्टर तिथे जाऊ शकत नाही, रुग्णवाहिकेची गाडी दिसली की तिच्यावरच ड्रोन येतो. जखमीला अंधार पडेपर्यंत खंदकात थांबावं लागतं, कधी दिवसभर, कधी त्याहून जास्त. मग ज्या टूर्निकेटने जीव वाचवला तोच पट्टा तासन्‌तास राहिल्यामुळे पाय गमवावा लागतो. शक्य असेल तर दोन तासांच्या आत पट्ट्याऐवजी दाबपट्टी लावावी, आणि सहा तास उलटून गेले असतील तर इस्पितळाबाहेर तो सोडू नये, असं शिकवतात. पण हे ठरवणारा माणूस खंदकात कोण असतो? बहुधा शेजारचा शिपाई.

तिसरी गोष्ट ईस्टरिजांच्या पेपरातली. 'कदाचित वाचू शकले असते' हे तज्ज्ञांनी जखम बघून ठरवलं. गोळीबार चालू होता का, रस्ता होता का, रात्र होती का, हे त्यात धरलेलं नाही. एका अर्थी बरोबर आहे, कारण वैद्यकाची हद्द किती हे त्यातून कळतं. पण त्या ९७६ मध्ये दोन तृतीयांश रक्तस्राव हा छाती-पोटातला होता. तिथे पट्टा बांधता येत नाही. तिथे लागतो सर्जन आणि लागतं रक्त. म्हणजे 'प्रत्येकाला टूर्निकेट दिलं की झालं' असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर पेपरच त्याच्या विरोधात आहे.

पूना डिव्हिजन

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं आणि युक्रेनचं, आपला काय संबंध? संबंध जुना आहे आणि नावातच आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज बगदादकडे निघाली ती ६ वी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला लढाई झाली आणि जखमींची संख्या तयारीच्या कितीतरी पट निघाली. रुग्णवाहिका नव्हत्याच म्हणा. स्प्रिंग नसलेल्या, खेचरं जोडलेल्या सामानाच्या गाड्यांत मोडलेल्या हाडांची माणसं घालून नदीपर्यंत आणली. तिथून आगबोटी आणि त्यांना बांधलेले तराफे. 'मेजिदिया' नावाची बोट बसऱ्याला पोहोचायला तेरा दिवस लागले.

बसऱ्याला मेजर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. ती बोट जवळ आली तेव्हा तिच्या कडेने दोर लोंबताहेत असं त्यांना वाटलं. ते दोर नव्हते. हगवण लागलेल्या, उठताही न येणाऱ्या जखमींची विष्ठा कडेवरून वाळून लोंबत होती. कार्टरांनी हे वरिष्ठांना सांगितलं, तर त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. आणि त्याच वेळी वरती गेलेल्या तारेत म्हटलं होतं की वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९१७ मध्ये आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालात बोटींची कमतरता आहे, युद्धाआधीची काटकसर आहे, माणसांची नावं आहेत. मी तो वाचला तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तार. गाड्या कमी होत्या हा साधनांचा दोष. 'सगळं ठीक आहे' असं कळवणं हा माहितीचा दोष. पहिला दोष पैशाने सुटतो. दुसरा असेल तर पैसा कुठे घालायचा हेच कळत नाही. ईस्टरिज आणि कोटवाल यांचं खरं मोठेपण इथे आहे. त्यांच्या मागे प्रत्येक जखमीची नोंद ठेवणारी यंत्रणा होती आणि ती वाईट बातमीसुद्धा छापू देत होती. आपण त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर साठ मिनिटं घेण्याआधी ही नोंदवही घ्यावी.

थंडी

१६ जून २०२० ला लष्कराने गलवानबद्दल निवेदन काढलं. त्यात एक वाक्य होतं: चकमकीच्या जागी गंभीर जखमी झालेले आणि उंचावर शून्याखालच्या तापमानात सापडलेले १७ जवान दगावले, त्यामुळे एकूण संख्या २० झाली. ते वाक्य तेव्हा टीव्हीवर आपण सगळ्यांनी ऐकलं आणि पुढे गेलो.

आता ते पुन्हा वाचा. जखमी आणि थंडी. रक्त गेलेल्या माणसाचं शरीर गार पडतं. गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते. रक्त गोठलं नाही की आणखी वाहतं, आणखी गार पडतं. त्यातच पेशींना प्राणवायू न मिळाल्याने रक्तातलं आम्ल वाढतं. या तिघांना मिळून सर्जन 'जीवघेणं त्रिकूट' म्हणतात. गलवानसारख्या सुमारे १४,००० फुटांवरच्या जागी हे त्रिकूट जखमीच्या आधीच हजर असतं. त्यातलं कोण वाचलं असतं आणि कोण नाही, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही आणि ठरवूही नये. पण आपल्या पुढच्या युद्धाचा प्रश्न त्या वाक्यात आहे: हेलिकॉप्टर येईपर्यंत, किंवा येणारच नसेल तेव्हा, त्या माणसाला ऊब कोण देणार? अफगाणिस्तानच्या ४३ मिनिटांत याचं उत्तर नाही.

मग तयारी कशाची?

आपल्याकडे काहीच चाललेलं नाही असं अजिबात नाही. पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज १९४८ पासून आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र त्याच्याही आधीचं, १९४४ चं. अलीकडे 'भीष्म' क्यूब आले: ७२ छोट्या पेट्यांचा संच, सुमारे २०० जखमींवर उपचार होतील एवढं सामान, विमानातून पॅराशूटने टाकता येणारा. मे २०२४ मध्ये आग्र्याला त्याची चाचणी झाली, ऑगस्टमध्ये असे चार क्यूब युक्रेनला दिले गेले. कल्पना चांगली आहे, कारण ती जखमीला इस्पितळाकडे नेण्याऐवजी इस्पितळ जखमीकडे नेते.

ही कल्पना नवी नाही, आणि एका मराठी डॉक्टरने ती जगलेली आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जिथे रस्ते शत्रूच्या ताब्यात, आकाश शत्रूचं, तिथे आघाडीच्या जवळ राहून शस्त्रक्रिया करायच्या. नॉर्मन बेथ्यून यांनी तिथे घालून दिलेली हीच रीत होती, आणि त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस प्रमुख झाले. १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. आपण त्यांना त्याग आणि मैत्रीसाठी आठवतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या कामात वैद्यकीय धडाही आहे, तो आपण शिकवत नाही: आकाश आपलं नसेल तेव्हा काय करायचं.

पेटीबद्दल माझी शंका एवढीच. पेटी उघडणारा कोण? याचं उत्तर कोटवालांच्याच आणखी एका, २०११ च्या पेपरात आहे, पण तो कमी सांगितला जातो. अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटने डॉक्टरच नव्हे तर प्रत्येक सैनिकाला रक्त थांबवायला शिकवलं, त्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर न टाकता कमांडरवर टाकली आणि प्रत्येक जखमीची नोंद ठेवली. साडेआठ वर्षांत ४१९ जखमी, ३२ मृत्यू. त्यात इस्पितळाआधी टाळता आला असता असा एकही नाही. नवं यंत्र काही नव्हतं. सराव होता.

आणि सराव शांततेत विसरला जातो. ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी याला 'वॉकर डिप' असं नावच दिलंय: युद्धात शिकलेलं दोन युद्धांच्या मधल्या काळात घसरतं आणि पुढच्या युद्धातल्या पहिल्या जखमींना त्याची किंमत मोजावी लागते. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले, १,३६३ जखमी झाले. त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. तेव्हा हात बसलेले बरेच सर्जन आता निवृत्त झाले असणार.

म्हणून मला विचाराल तर यादी साधी आहे. प्रत्येक शिपायाला रक्त थांबवणं, आणि पट्टा बदलायचा कधी ते ठरवणं, दोन्ही यायला हवं. तुकडीतच आधी तपासून ठेवलेले रक्तदाते हवेत, म्हणजे रक्तपेढी माणसांसोबत चालत जाईल. ऊब द्यायचं सामान औषधाइतकंच महत्त्वाचं धरायला हवं. वाईट बातमी वर पोहोचवणारी नोंदवही हवी. आणि पाचवी गोष्ट आपल्या दाराशी आहे. मोठं युद्ध झालं तर जखमी फक्त लष्करी इस्पितळांत मावणार नाहीत, ते रेल्वेने आणि रस्त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत येतील. मग प्रश्न जळगावच्या, धुळ्याच्या दवाखान्यांचाही होतो. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवरच्या शहरांवर ड्रोन आले, तेव्हा आघाडी आणि गाव यांच्यातली रेघ किती पुसट झालीय ते दिसलंच. लष्करी वैद्यक आणि १०८ यांचा अभ्यास वेगवेगळ्या खोल्यांत बसून करण्यात आता अर्थ नाही. आजच्या टीकेतून माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठी मी हेच घेऊन निघालेय.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, सैन्यात नर्सिंग असिस्टंट होते. त्यांना मी हे तिन्ही पेपर मराठीत समजावून सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पट्टा बांधनं सोपं हाये पोरी. तो घेऊन रातभर बसनं कठीन हाये. ते कोन शिकवतं?"

तीन पेपरांवर मी एवढं लिहिलं, त्यातला मुद्दा काकांनी तीन वाक्यांत मांडला. संशोधन मोजतं ते तासभर. पुढच्या युद्धाला रात्रभराचं वैद्यक लागणार आहे.

आपल्या जिल्ह्यात वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीची काडतुसं बनतात. आणि पहाटे रिंगरोडकडे गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटर धावताना दिसतील, कुणाचा तरी मोबाइल स्टॉपवॉच लावून. काडतुसाची तयारी आहे, धावण्याची आहे. धावताना त्यातला एखादा पडला, तर शेजारच्याला काय करायचं ते माहीत असायला हवं. तेही आधीपासून.

पुढच्या पोस्टमध्ये: 'मध्यक वेळ' म्हणजे काय, आणि सरासरीवर विश्वास का ठेवू नये. तोवर काही चुकलं असेल तर जरूर सांगा.